उंसाची कुलकथा : नामें, ग्रंथ आणि डी. एन. ए. चिन्हें
(शेळगांव परिसराच्या निमित्तानें)

(१) प्रस्ताव

बारामतीहून इंदापुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर अंथुर्णें व निमगांव केतकी यांच्या दरम्यान शेळगांवचा फाटा लागतो. आषाढवारीला श्रीतुकोबांची पालखी याच वाटेनें पंढरीस जाते. वाटेच्या दोन्ही अंगांस आज उंसाचा जो हिरवा पट्टा दिसतो, तो या भूमीचा प्राचीन वेष नव्हे. इंदापूर परगणा मूळचा जिराइताचा, ज्वारी-बाजरीचा आणि अवर्षणाचा. शहाजीराजांच्या जहागिरींत पुणें व सुपें यांच्या जोडीनें इंदापूरचें नांव येतें. पुढें कंपनी सरकारच्या अमलांत प्रिंगलसाहेबाचा बंदोबस्त फसला, तेव्हां १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनीं नव्या मोजणीचा पहिला प्रयोग याच तालुक्यांत केला. या सर्व काळांत ऊंस होता, पण तो विहिरीच्या मोटस्थळांत किंवा बंधाऱ्याच्या पाटस्थळांत, तुकड्यातुकड्यानें होता. १८७६-७७ च्या दुष्काळाच्या पाठोपाठ नीरा डाव्या कालव्याचें काम झालें, आणि १८८५ च्या सुमारास त्याचें पाणी वाहूं लागल्यावर या मुलुखाचें रूप पालटलें. त्यानंतर अर्ध्या शतकानें जवळच कळंबच्या माळावर वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला.

या इतिहासाचे कागद पुष्कळ आहेत व त्यांचा उपयोगही झालेला आहे. परंतु ज्याच्यासाठीं कालवा वळविला, जमिनी खंडानें घेतल्या आणि कारखाने उभारले, त्या उंसाची स्वतःची वंशावळ कोणती, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारीत नाहीं. जुने शेतकरी ज्याला पुंड्या म्हणत तो ऊंस व सुश्रुतसंहितेंतील पौण्ड्रक हे एकच काय? ऊंस मूळचा भरतभूमीचा, ही जी समजूत आपण शाळेपासून ऐकत आलों, ती कितपत टिकते? या प्रश्नांचीं उत्तरें केवळ दप्तरांत मिळत नाहींत. गेल्या सुमारें चार दशकांत वनस्पतिशास्त्रज्ञांनीं डी. एन. ए. चिन्हांच्या साह्यानें उंसाच्या जातिजातींतील नातीं तपासलीं आहेत. ही रीत आपल्या पोथीसंशोधनाच्या रीतीशीं इतकी जुळणारी आहे, कीं या त्रैमासिकाच्या वाचकांपुढें ती मांडणें अस्थानीं होणार नाहीं असें वाटतें.

(२) ग्रंथांचा पुरावा

इक्षु शब्द अथर्ववेदांत आहे. पाणिनीच्या सूत्रांत इक्षुवनाचा निर्देश येतो. कौटिलीय अर्थशास्त्रांत फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड व शर्करा अशी परंपरा दिलेली आहे. म्हणजे रस आटविण्याच्या व साखर स्वच्छ करण्याच्या निरनिराळ्या पायऱ्या त्या काळीं माहीत होत्या. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत उंसाचे बारा भेद सांगितले आहेत. त्यांत पौण्ड्रक व भीरुक आरंभीं येतात. पुढें वंशक, कान्तार, तापसेक्षु, काष्ठेक्षु, नैपाल, नीलपोर इत्यादि नांवें आहेत. अमरकोशानेंही पुण्ड्र व कान्तार हे भेद नोंदविले आहेत.

एवढ्यावरून तीन गोष्टी निर्विवाद ठरतात. ऊंस येथें प्राचीन काळापासून लावला जात होता. त्याच्या अनेक जाती लोक वेगळ्या ओळखीत. आणि साखर करण्याची विद्या येथें पूर्णत्वास गेली होती. अरबी ‘सुक्कर’ व इंग्रजी ‘शुगर’ हे शब्द ‘शर्करा’ या शब्दाच्या कुळांतले आहेत, हेंही सर्वमान्य आहे. परंतु यावरून ऊंस येथेंच ‘उपजला’ असें कोणी म्हणेल, तर तो पुराव्याची मर्यादा ओलांडील. एखादी पोथी पैठणास सांपडली म्हणून ती पैठणास रचली गेली असें आपण म्हणत नाहीं. तसेंच हें आहे.

(३) नामसाम्याचा धोका

पुंड्या हें नांव पुण्ड्र अथवा पौण्ड्रक या शब्दाचें अपत्य, हें व्युत्पत्तिदृष्ट्या सरळ दिसतें. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत दक्षिणेंतील कालव्यांवर पुंड्याच मुख्य होता. जाड कांड्याचा, मऊ, रसाळ, खाण्यासही गोड असा हा ऊंस, आणि त्याचा गूळ उत्तम उतरे. पण नांव टिकलें म्हणून वस्तु टिकली असें होत नाहीं. ‘होन’ या नांवाखालीं किती राजवटींचीं किती वजनांचीं नाणीं चालत होतीं, हें नाणेंसंग्राहकांस सांगणें नको. शेतकरी नवें बेणें आणतो व त्यास जुन्या ओळखीचें नांव देतो. उलट एकच बेणें चार गांवीं चार नांवांनीं नांदतें.

वनस्पतिशास्त्रज्ञांनीं प्रथम डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणांवरून वर्गवारी केली. जाड उंसास लिनीयसनें १७५३ सालीं सॅकॅरम ऑफिसिनॅरम हें नांव दिलें. नदीकांठीं आपोआप उगवणारें काश गवत, शरद्‌ऋतूंत ज्याचे पांढरे तुरे डोलतात, त्यास सॅकॅरम स्पॉन्टेनिअम म्हटलें. चीनकडील उंसास रॉक्सबर्गनें १८१८ त सायनेन्स हें नांव दिलें. उत्तर हिंदुस्थानांतील बारीक, कणखर उंसाचे कोइमतूरच्या बार्बरसाहेबानें सरेठा, सुन्नबिले, मुंगो, नारगोरी व पानसाही असे पांच गट पाडले होते. त्यांस जेस्विटनें १९२५ त बार्बरी ही संज्ञा दिली. न्यू गिनी बेटांत १९२८ सालीं विमानांतून फिरून केलेल्या शोधांत एक रानटी, थोराड जात विशेष अभ्यासिली गेली. ती रोबस्टम होय.

ही वर्गवारी म्हणजे अक्षराच्या वळणावरून लेखनकाल ठरविण्यासारखी होती. जाणत्याच्या डोळ्याला तींत पुष्कळ कळतें. परंतु वळण नक्कल करतां येतें, आणि उंसाचें रूपही पाणी, माती व हवा यांनीं पालटतें. बार्बरी जात येथल्याच काश गवतापासून हिंदी शेतकऱ्यांनीं निवडून काढली, असें मत पूर्वी कित्येकांचें होतें. तें आपल्या अभिमानास रुचणारें होतें. तें खोडून काढण्यास किंवा सिद्ध करण्यास बाह्य रूपापलीकडचा साक्षीदार हवा होता.

(४) चिन्हें म्हणजे काय

प्रत्येक पेशींत डी. एन. ए. नामक लांब सूत्रासारखें द्रव्य असतें. त्यांत चारच घटक, ज्यांस ए, टी, जी व सी म्हणतात, एकापुढें एक ओंवलेले असतात. हा चार अक्षरांचा ग्रंथच पिढ्यान्‌पिढ्या नकलला जातो. नक्कल फार काळजीपूर्वक होते, तरी क्वचित् अक्षर बदलतें, गळतें किंवा दोनदां पडतें. आणि एकदां पडलेली चूक पुढच्या सर्व नकलांत उतरते. पोथ्यांचीं कुळें ठरवितांना आपण जो नियम वापरतों तोच येथें लागू पडतो. दोन प्रतींत शुद्ध पाठ सारखा असला तर त्यांचें नातें सिद्ध होत नाहीं. पण एकच विलक्षण चूक दोघींत असली, तर त्या एका मातृकेच्या कन्या होत. भांडारकर संस्थेंत डॉ. सुखठणकरांनीं महाभारताच्या प्रतींची उत्तरेची व दक्षिणेची अशी कुलव्यवस्था याच तत्त्वावर बसविली.

सबंध ग्रंथ वाचणें पूर्वी अशक्यप्राय होतें. म्हणून कांहीं ठराविक स्थळें पाहून निर्णय करण्याची युक्ति निघाली. त्या स्थळांसच चिन्हें म्हणतात. पहिल्या प्रकारांत एक रासायनिक कात्री विशिष्ट अक्षरक्रम दिसेल तेथेंच सूत्र कापते. अक्षर बदललेलें असेल तर कापत नाहीं, व तुकड्यांची लांबी निराळी होते. दुसऱ्या प्रकारांत, जो १९९० च्या सुमारास प्रचारांत आला, दहा अक्षरांचा एक लहान तुकडा टोचणीसारखा वापरून, तो जेथें जेथें बसेल तेथील मजकूर असंख्य पटींनीं वाढवितात. नंतर विजेच्या योगानें ते तुकडे खिरीसारख्या थरांतून ओढले, कीं लांबीप्रमाणें त्यांचे पट्टे उमटतात. तिसरा प्रकार सर्वांत मनोरंजक आहे. सूत्रांत कोठें कोठें दोनतीन अक्षरें पुनः पुनः येतात. नकलकाराची दृष्टि तेथें घसरते, आणि एका घराण्यांत तीं आठ वेळां तर दुसऱ्यांत अकरा वेळां पडतात. अलीकडे तर एकेका अक्षराचा पाठभेद हजारों स्थळीं एकदम पाहतां येतो.

समजा, दोन उंसांचे शंभर पट्टे तपासले व त्यांपैकीं नव्वद दोघांत आढळले, आणि तिसऱ्याशीं चाळीसच जुळले, तर पहिल्या दोघांचें नातें जवळचें मानावें. अशा गणितांतून जी शाखावली निघते, ती प्रतींच्या वंशवृक्षासारखीच दिसते. मात्र येथेंही सावधगिरी हवी. पट्टा असणें हा पुरावा आहे. तो नसणें हा तितका पुरावा नव्हे, कारण पान फाटलेलें असलें तरी मजकूर दिसत नाहीं. उंसाची अडचण तर विशेष आहे. मनुष्यांत प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात. आजच्या उंसांत त्या आठ ते बारापर्यंत असून एकूण गुणसूत्रें शंभराच्या वर जातात. एका बांधणींत आठदहा प्रती शिवलेल्या असाव्या, आणि त्याही दोन निरनिराळ्या परंपरांच्या, तसा हा प्रकार आहे.

आणखी एक साधन संशोधकांस फार उपयोगी पडलें. पानांतील हरितकणांस स्वतःचें लहानसें डी. एन. ए. असतें, आणि उंसांत तें आईकडूनच येतें. त्यामुळें मातृकुळाचा शोध स्वतंत्रपणें घेतां येतो.

(५) निर्णय

कोइमतूरच्या ऊंस-प्रजनन संस्थेंतील नायर व त्यांचे सहकारी यांनीं १९९९ सालीं दहा अक्षरांच्या चिन्हांनीं उंसाच्या जाती व त्यांचे रानटी सोयरे यांची तुलना प्रसिद्ध केली. त्याच्या आगेमागें इतर देशांतही असेच शोध झाले. त्या सर्वांचा मथितार्थ असा. जाड ऊंस व न्यू गिनीचा रोबस्टम हे अगदीं निकटचे आप्त होत. तेव्हां जाड उंसाचें माहेर न्यू गिनीकडे मानणें प्राप्त आहे. काश गवत या दोहोंपासून बरेंच दूर आहे, आणि त्याच्या पोटांत भेद मोठे आहेत. त्याच्या गुणसूत्रांची संख्या ठिकाणपरत्वें चाळीसपासून एकशें अठ्ठावीसपर्यंत आढळते, तर जाड उंसाची सामान्यतः ऐंशी असते. एरिॲन्थस नामक उंच गवत सोयरे असलें, तरी त्याची शाखा स्पष्ट निराळी निघते.

सर्वांत महत्त्वाचा निर्णय बार्बरी व सायनेन्स यांच्यासंबंधीं लागला. फ्रान्सांतील माँपेलिए येथील संशोधकांनीं गुणसूत्रें रंगवून कोणतें कोणत्या कुळाचें हें सूक्ष्मदर्शकाखालीं ओळखण्याची रीत वापरली, आणि २००२ सालीं दाखवून दिलें कीं हे दोन्ही ऊंस जाड ऊंस व काश यांच्या संकरापासून झालेले आहेत. हरितकणांची साक्ष यास जुळते : मातृकुळ जाड उंसाचें आहे. शिवाय असे संकर थोडेच घडले. एकेका गटांतील ऊंस हे बहुधा एकाच मूळ रोपाचे वंशज असून शेतकऱ्यांनीं टिपरीवरून टिपरी लावून ते शतकानुशतकें राखले आहेत.

या शेवटच्या मुद्द्यावर पोथीसंग्राहकांनीं थोडें थांबावें. बियांपासून रोप करणें म्हणजे दोन ग्रंथ एकत्र करून तिसरा रचणें होय. पण डोळ्याच्या टिपरीपासून ऊंस लावणें म्हणजे मूळ प्रतीची अक्षरशः नक्कल उतरणें होय. म्हणून ज्या बारीक देशी उंसाचा एखादा फड आज कोठें उरला असेल, तो त्या प्राचीन उंसाचा दूरचा नातू नसून जवळ जवळ तोच ऊंस आहे. इतकी जुनी व इतकी जिवंत प्रत आपल्या एकाही दप्तरांत नाहीं.

तेव्हां अभिमानाचा हिशेब पुन्हां मांडावा लागतो. जाड ऊंस समुद्रमार्गानें व बेटाबेटांतून आशियाच्या मुख्य भूमीवर आला. येथें नदीकांठच्या काशाशीं त्याचा संबंध झाला. त्यांतून थंडी व कोरड सोसणारा बारीक ऊंस जन्मला. माता परदेशची, पिता या भूमीवरचें गवत, आणि त्या रसाची शर्करा करणारे हात येथले. यांत कमीपणा कोणता? घराण्याच्या बखरींत मूळ पुरुष सूर्यवंशी लिहिला म्हणून अस्सल कागद बाजूला ठेवण्याची संवय आपण सोडली. उंसाविषयींही ती सोडावी.

पुंड्याच्या प्रश्नाचेंही उत्तर याच रीतीनें पाहावें. विसाव्या शतकांतील पुंड्या हा जाड कुळाचा ऊंस होता. सुश्रुतांतील यादी नांवें व गुण सांगते, झाडाची अस्सल प्रत देत नाहीं. म्हणून ‘पुंड्या हा शब्द पौण्ड्रकाचा वारस’ इतकें लिहावें. ‘पुंड्या हा ऊंस पौण्ड्रकाचा वारस’ असें लिहूं नये.

(६) नीराकांठचा आजचा ऊंस

आतां शेळगांवकडे परत वळूं. उंसाला बीं धरतें व तें उगवतें, हें जाव्हांत व बार्बाडोसांत १८८७-८८ च्या सुमारास निश्चित झालें. कोइमतूरची संस्था १९१२ त निघाली. तेथें बार्बर व व्यंकटरामन यांनीं वेल्लै नामक जाड ऊंस व स्थानिक काश यांचा संकर केला, आणि १९१८ त को. २०५ हा ऊंस बाहेर आला. म्हणजे जें निसर्गानें पूर्वी एकदोनदां केलें, तें मनुष्यानें बुद्धिपुरःसर पुन्हां केलें. जाव्हांतही त्याच सुमारास पी. ओ. जे. २८७८ तयार झाला. त्याच्या कुळांत तेथल्या काशाचें रक्त होतें. त्याचा व को. २९० चा संकर जो को. ४१९, त्यानें दख्खनच्या कालव्यांवरून पुंड्यास हुसकून लावलें. १९३२ त स्थापन झालेलें पाडेगांवचें संशोधन केंद्र नीरेच्या याच खोऱ्यांत आहे. पुढें को. ७४० आला, आणि आज शेतकऱ्यांच्या तोंडीं जीं नांवें आहेत त्यांत को. ८६०३२, ज्यास ‘नीरा’ म्हणतात, व को. एम. ०२६५, म्हणजे ‘फुले २६५’, हीं प्रमुख आहेत. नदीचें नांव उंसास मिळालें, हा योग मोठा सुंदर आहे.

‘नीरा’ची आई को. ६२१९८ व बाप को. सी. ६७१, अशी नोंद आहे. फुले २६५ ची आई को. ८७०४४ म्हणून लिहिली आहे. बापाची जागा रिकामी आहे, कारण परागकण वाऱ्यावर मोकळे होते. अशी रिकामी जागा भरण्यास चिन्हें उपयोगी पडतात, आणि लिहिलेली नोंद खोटी ठरविण्यासही. उंसाचा व एरिॲन्थसचा संकर म्हणून वर्षानुवर्षें जपलेलीं कित्येक रोपें चिन्हांनीं तपासतां तसलीं नव्हतच, असें दिसून आलें.

खरी चिंता निराळी आहे. नांवें पुष्कळ असलीं तरी कूळ एकच आहे. जगांतील बहुतेक लागवडीचे ऊंस त्या आरंभीच्या मोजक्या संकरांपासून निघालेले आहेत. रियुनियन बेटांतील आर ५७० या उंसाची गुणसूत्रें १९९६ त रंगवून पाहिलीं, तेव्हां सुमारें ऐंशी टक्के जाड उंसाचीं, दहा टक्के काशाचीं व दहा टक्के दोहोंच्या मिश्रणाचीं निघालीं. त्याच उंसाचा जवळ जवळ संपूर्ण पाठ २०२४ सालीं प्रसिद्ध झाला. रोगास तोंड देण्याचा व जोमानें फुटण्याचा गुण बव्हंशीं त्या थोड्या काशाच्या अंशांतून येतो; आणि तो अंशही मोजक्याच काशांचा आहे. उत्तर प्रदेशांत को. ०२३८ या एकाच उंसानें बहुतेक क्षेत्र व्यापलें होतें. त्यावर लाल कूज, ज्यास इंग्रजींत रेड रॉट म्हणतात, पडली, तेव्हां एकाच प्रतीवर विसंबल्याचें फळ शेतकऱ्यांस भोगावें लागलें.

नीरेच्या खोऱ्याचें दुखणें आणखी आहे. कालवा येऊन पुरतीं तीस वर्षें झालीं नव्हतीं, तोंच मॅन व ताम्हणे यांनीं १९१० सालीं या खोऱ्यांतील खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. पाणी फार, निचरा कमी, म्हणून मीठ वर आलें. क्षार व कोरड सोसणारा ऊंस हवा असेल, तर त्याचा अंश रानटी सोयऱ्यांतच शोधावा लागेल. ओढ्याच्या कांठचें जें काश गवत आपण जाळून टाकतों, तें या कुळाच्या दुसऱ्या शाखेची अप्रकाशित प्रत आहे.

(७) समारोप व विनंति

केरळांत कन्नूर येथें कोइमतूर संस्थेनें उंसाच्या हजारों वाणांचा संग्रह जिवंत राखला आहे. असा दुसरा जागतिक संग्रह अमेरिकेंत फ्लॉरिडांत आहे. तेथें वाण आहेत, पण त्यांचा आपल्या प्रांतांतील इतिहास तेथें नाहीं. तो आपल्याकडे आहे. पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरांत, देवस्थानांच्या जमाखर्चांत, सावकारांच्या वह्यांत बेण्याची खरेदी, गुऱ्हाळाचा खर्च, गुळाच्या ढेपा यांच्या नोंदी असतात. संग्राहक त्या क्षुल्लक म्हणून ओलांडतो. त्याची नजर सनदा व निवाडे यांवर असते.

वाचकांस विनंति एवढीच, कीं अशा कागदांत उंसाच्या जातीचें नांव आढळेल तेथें तें नांव, गांव, शक व कागदाचा प्रकार जसाच्या तसा उतरून घ्यावा. स्वतःच्या तर्कानें पौण्ड्रक किंवा कान्तार असा अर्थ लावूं नये. तसेंच परसांत, देवळाच्या मळ्यांत किंवा रसवंतीवाल्याकडे एखादा जुना, बेनांवाचा ऊंस अद्याप राखलेला दिसल्यास त्याच्या दोन टिपऱ्या पाडेगांव येथील केंद्राकडे पोंचत्या कराव्या. नांव कागदांत राहिलें आणि झाड गेलें, तर चिन्हांना तपासण्यास कांहीं उरत नाहीं. झाड राहिलें आणि नांव गेलें, तर त्याचा इतिहास हरपतो. हीं दोन्ही एका जागीं आणणें हें काम शास्त्रज्ञ एकटे करूं शकणार नाहींत, व आपणही एकटे नाहीं.